मगदूम बाई आणि लाकडी रुळांवरची शर्यत

मी कोल्हापूरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या सकाळी मगदूम बाई आणि आमच्या मुख्याध्यापिका यांच्यात 'येतो' आणि 'येते' यावरून वाद चालला होता. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी आजऱ्याहून आलेली, नवी नोकरी, हातात नेमणुकीचा कागद. कार्यालयाच्या दारातच थबकले.

मुख्याध्यापिका सबनीस बाई पुण्याच्या. त्या शांतपणे म्हणत होत्या, "मगदूम बाई, निदान मुलींसमोर तरी 'मी येते' म्हणावं. 'मी येतो' पुरुष म्हणतात."

"आमच्याकडं बायकाबी म्हणत्यात," समोरून उत्तर आलं. "आणि मी येतो म्हणलो की येतोच. 'येते येते' म्हणणाऱ्या कितीजणी आल्या परवाच्या सभेला? बघितलं की."

असं म्हणून त्या वळल्या आणि मला धडकल्या. बुटक्या, ठसठशीत, गळ्यात मापाची टेप, पदराच्या काठाला ओळीनं टोचलेल्या टाचण्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "नवी काय तू? ब्लाऊज कुणी शिवला गं हा? खांद्यात मारलाय तुला त्यानं. दुपारी ये, उसवून देतो."

कोल्हापूरच्या कितीतरी बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पण शिक्षिका झाल्या की बोलणं इस्त्री करून घेतात. मगदूम बाईंनी घेतलं नाही. त्या शिवण शिकवायच्या. शिवणाचा तास म्हणजे शाळेत दुय्यम. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई तो मागून घ्यायच्या. मगदूम बाईंकडून मात्र कुणाला तास मिळाल्याचं मी पाहिलं नाही. "गणितानं अंग झाकतंय का?" एवढं एकच त्या विचारायच्या.

त्यांचं माहेर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्यांचं घर. त्या भागात आईला अव्वा म्हणतात. सासर शाहूपुरीत, गुळाच्या व्यापाऱ्यांचं. नवरा गेला तेव्हा मुलगा मांडीवर होता. थोरल्या दिरांनी, म्हणजे आप्पांनी, त्यांना माडीवरच्या दोन खोल्या दिल्या आणि पांढरी लुगडी आणून दिली. बाईंनी लुगडी ठेवून घेतली आणि त्यांची दुपटी शिवली. स्वतः नेसायच्या त्या जांभळ्या, कुसुंबी, पोपटी साड्या. एकदा धीर करून मी विचारलं, लोक काही म्हणत नाहीत का. त्या म्हणाल्या, "ह्यांनी मला जायच्या आधी हिरवी साडी आणलती. घडीसुद्धा मोडली नव्हती. ती कुणाला देऊ मी? नेसलो. एक नेसल्यावर मग दुसऱ्या रंगांनी काय घोडं मारलंय?"

मी तेव्हा सगळ्यालाच भ्यायची. वर्गात उभी राहिले की पोटात गोळा यायचा. हे त्यांना सांगितलं तर त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. तोंडात टाचण्या असताना त्या किरकोळ बोलणी करायच्या, महत्त्वाचं बोलायचं तर काढायच्या. म्हणाल्या, "गोळा येतोय न्हवं? येऊ दे की. मेलेल्याच्या पोटात येत न्हाय."

पहिल्याच वर्षी आषाढात टेंबलाईची जत्रा भरली. शाळा सुटल्यावर वरच्या वर्गातल्या काही मुलींना घेऊन मगदूम बाई जत्रेला गेल्या, सोबत मला ओढून नेलं. टेकडीच्या पायथ्याला आकाशपाळणा लागला होता. तेव्हाचे पाळणे लाकडी असायचे. यंत्र नसायचं. दोन गडी आऱ्यांवर चढून लोंबकळायचे आणि त्यांच्या वजनानं पाळणा फिरायचा. अख्खा सांगाडा करकरायचा. बाई मुलींच्या आधी जाऊन बसल्या. मी खाली उभी राहून चपला सांभाळल्या. वरून त्यांचं हसू ऐकू येत होतं, एवढं मोठं की नारळवाला नारळ सोडून वर बघत होता.

त्याच पाळण्यात आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळातल्या एका गृहस्थांचा भाचा बसला होता. आठवड्याभरात बाईंना मंडळापुढं बोलावणं आलं. सबनीस बाई, मी आणि आणखी एक शिक्षिका साक्षीला.

गृहस्थ म्हणाले, "विधवा शिक्षिकेनं भर जत्रेत पाळण्यात बसून आरडाओरडा करायचा, हे शोभतं का? मुलींवर काय संस्कार होणार?"

"मी ओरडलो न्हाय, हसत होतो," बाई म्हणाल्या. "ओरडत होतं ते तुमचं भाचं. खाली उतरल्यावर त्येला पाणी मीच पाजलं. विचारा घरात जाऊन."

माफी लिहून द्या, विषय संपवू, असं मंडळ म्हणालं. बाईंनी दिली नाही. "हसल्याची माफी कशी लिहित्यात ते मला येत न्हाय, मी शिवणाची बाई हाय." मग सहलींच्या कामातून त्यांचं नाव काढून टाकण्यात आलं. बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले होते. बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अगं, काढलं तर काढलं. शेव खायची का?"

त्यांचा मुलगा सुकुमार शिकून इंग्लंडला कारखान्यात नोकरीला लागला. कारागीर हातांचा, शांत मुलगा. घाटातून एसटी जायला लागली की त्याला गाडी लागायची. बाई सांगायच्या, "भुईवर चालायला जन्मलंय ते." त्यानं तिकडच्याच एका मुलीशी लग्न केलं आणि मग कळवलं. मुलीचं नाव मॉरीन.

ही बातमी शाहूपुरीत पोचली तेव्हा आप्पांनी पेढीवर बसून जाहीर केलं की आमच्या घरातला तो मुलगा संपला. घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही. बाईंना मी त्या दिवसांत प्रथमच गप्प पाहिलं. त्याही दुखावल्या होत्या. शिवणाच्या खोलीत मशीनवर बसून त्या नुसतं पायडल मारत होत्या, सुईखाली कापड नव्हतं. मी शेजारी बसले. पायडल थांबवून म्हणाल्या, "मला विचारलं न्हाय गं त्यानं. सांगितलं नुसतं." आणि पुन्हा पायडल मारत, "पण संपला म्हणणारा आप्पा कोण? मी काढलाय त्येला पोटातनं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या इंग्लंडला निघाल्या. सुकुमारनं तिकीट धाडलं होतं. निघताना आप्पा जिन्याच्या तळाशी उभे होते. आम्ही दोघी-तिघी सामान घेऊन मागं.

"रत्ना, त्या पोरीच्या हातचं पाणी पिऊन आलीस तर हा जिना परत चढायचा न्हाय," ते बाईंना म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली ठेवली, आप्पांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "पाणी पिणार, भाऊजी. हजारो कोस जाऊन तहानलेली ऱ्हाऊ काय?"

त्या परत आल्या तेव्हा त्यांचं घरचं शिलाई मशीन आप्पांनी खाली सोप्यावर, पुढच्या ओसरीत, आणून ठेवलं होतं, आणि जिन्याच्या दाराला कुलूप. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते, म्हणून हे माझ्यासमोरच झालं. मला वाटलं, आता इथं रडारड होणार. बाईंनी कुलूप बघितलं, मशीन बघितलं. मशीनवरची धूळ पदरानं पुसली. मला म्हणाल्या, "शालू, त्या पिशवीत दोरा हाय बघ काळा." आणि तिथंच बसून, प्रवासात उसवलेली स्वतःची पिशवी शिवायला लागल्या.

सोपा रस्त्याला लागून. समोर गुळाचे अडते, हमाल, बैलगाड्या. दुसऱ्या दिवशी मी बघते तर शेजारपाजारच्या बायका ब्लाऊजची कापडं घेऊन सोप्यावर आल्या होत्या. रात्री बाई माझ्या खोलीवर झोपायला यायच्या, सकाळी परत मशीनवर. येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी विचारायचा, "काय वहिनी, इथं?" आणि बाई खणखणीत आवाजात सांगायच्या, "व्हय पावणं, वर कुलूप हाय की. सुनेच्या हातचा चहा पिऊन आलो म्हणून." आप्पा पेढीवर बसून हे ऐकायचे. शेवटी त्यांच्याच एका अडत्यानं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असावं. एका संध्याकाळी कुलूप निघालं. मशीन वर कुणी चढवलं ते कळलं नाही.

शाळा उघडल्यावर आमच्या शिक्षिकांच्या खोलीत सगळ्यांना एकच ऐकायचं होतं. इंग्लंड कसं होतं, गोरी सून कशी होती. बाईंनी राणीचा राजवाडा वगैरे काहीच सांगितलं नाही. त्यांनी आम्हाला दोन लांब बाकं शेजारी शेजारी लावायला सांगितली. एका बाकावर स्वतः बसल्या, दुसऱ्यावर मला बसवलं.

"तू मैना," म्हणाल्या. मॉरीनची त्यांनी मैना केली होती.

मग त्या सांगायला लागल्या. तिकडं पोचल्यावर दिवस फार अवघड गेले. सून रोज सकाळी चहा आणून ठेवायची, 'मिसेस मगदूम' म्हणायची आणि निघून जायची. "आपल्याच पोराच्या घरात मी मिसेस मगदूम! जणू मी इन्स्पेक्शनला आलतो." दोघींना एकमेकींची भाषा नाही. जे काही बोलायचं ते सुकुमारमार्फत, आणि तो बिचारा दोन्हीकडच्या बोलण्यातली धार काढून मग पलीकडं द्यायचा. सून एकदा स्वयंपाकघरात त्याच्याजवळ रडताना बाईंनी बघितली. तिला वाटत होतं, ही बाई नवऱ्याला परत न्यायला आलीय.

मग सुट्टीच्या दिवशी सुकुमार दोघींना समुद्रकाठच्या एका गावी घेऊन गेला. तिथं मोठी कायमची जत्रा. "कायमची गं! आपल्यासारखी तीन दिवसांत उठत न्हाय." आणि तिथं ते होतं. लाकडाचं. चार मजली इमारतीला परांची बांधावी तसे नुसते खांब आणि वासे, पांढरे रंगवलेले, आणि त्यावरून वरखाली जाणारे रूळ. रुळांच्या दोन वाटा, एकमेकींना लागून. दोन गाड्या एकदम सोडायच्या आणि त्यांची शर्यत लागायची. गाडी यायच्या आधी लाकूड थरथरायचं आणि मग माणसांची किंकाळी यायची.

सुकुमार ते बघूनच पांढरा पडला. म्हणाला, अव्वा, तू इथं बाकड्यावर बस, पिशव्या सांभाळ. मी तुझ्याजवळ बसतो. मॉरीनला आवडतं, तिला जाऊ दे.

बाई आमच्याकडं बघून म्हणाल्या, "आता सांगा, जन्मभर मी पिशव्या सांभाळायला हाय व्हय? त्येला म्हणलं, पिशव्या तू सांभाळ."

गाडीवरचा माणूस साडी बघून हात आडवा करून उभा राहिला. पदर चाकात जाईल म्हणाला. बाईंनी त्याच्यासमोर निऱ्या पायांतून मागं घेऊन कासोटा घातला, पदर कमरेला गच्च खोचला आणि वरून टाचण्या मारल्या. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस बाजूला झाला. सून एका गाडीत बसून शेजारची जागा दाखवत होती. बाई जाऊन दुसऱ्या गाडीत बसल्या.

"का हो?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"शर्यत हाय न्हवं? एकाच गाडीत बसल्यावर हरवायचं कुणाला?"

इथं त्यांनी आम्हा दोघींची बाकं मागं कलवून तिरकी करायला लावली. दोघी-तिघींनी मागून धरली. "आता वर चाललोय. खालनं साखळी ओढतीया, खड् खड् खड्. हळूहळू. शेजारी ती. बघत न्हाय माझ्याकडं, मीबी बघत न्हाय. वर गेलो तर समुद्र दिसला. इतका मोठा आणि इतका गप्प. आणि खाली रूळ संपलेले. म्हंजे असतात, पण दिसत न्हाईत. तेव्हा वाटलं, रत्नाक्का, आता काय खरं न्हाय."

त्या थांबल्या.

"आणि सोडली!"

बाकं धाडकन पुढं आली. मी खरोखर किंचाळले.

"पोट वर ऱ्हायलं आणि मी खाली. आणि माझ्या तोंडातनं आलं, 'अव्वा गं!' माझी अव्वा मरून किती वर्षं झाली, पण पडताना दुसरं कोण आठवणार? तोवर शेजारनं हाक आली, 'अव्वा!' मी म्हणलं, ही आता कुणाच्या अव्वाला बोलावतीया? वळून बघितलं, तर ती मलाच बघत होती. तिला वाटलं मी भ्यालोय. हात पुढं केलता तिनं, इकडच्या गाडीकडं. केस सगळे तोंडावर. 'अव्वा! अव्वा!' सुकुमार मला तसं म्हणतोय ते ऐकलं असणार की तिनं."

बाईंनी बाकावरून हात लांब केला. मला कळलं नाही, मी नुसती बघत राहिले. "अगं हात दे की!" त्या ओरडल्या. मी दिला. त्यांनी तो गच्च धरला. तळव्याला सुईनं पडलेले घट्टे होते.

"असा धरायला काय मिळाला न्हाय," त्या म्हणाल्या. "गाड्या जवळ आल्या, बोटं लागली, परत लांब गेल्या. परत वळणावर जवळ आल्या, परत लागली. आम्ही दोघी हात काढूनच बसलो शेवटपर्यंत. तो माणूस खालनं शिव्या देतोय. देऊ दे."

"आणि जिंकलं कोण?" हा प्रश्न दारातून आला. सबनीस बाई तिथं उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. तासाची घंटा होऊन गेली होती.

"ती," मगदूम बाई म्हणाल्या. "म्हणून परत बसलो की. मी जिंकल्याशिवाय उतरतो काय? सुकुमार पिशव्या घेऊन रडकुंडीला आलता."

सबनीस बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि "वर्गावर चला" एवढंच म्हणून गेल्या. त्या दिवसानंतर 'येतो' आणि 'येते' यावरून त्यांनी बाईंना कधी टोकलं नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी सुकुमार आणि मॉरीन कोल्हापूरला आली. बाईंनी सुनेला लपवूनछपवून रिक्षात घालून आणलं नाही. स्टेशनापासून शाहूपुरीपर्यंत भर बाजाराच्या वेळी चालवत आणलं. दिसेल त्याला थांबवून सांगत होत्या, "ही आमची मैना. बघून घ्या, परत विचारू नका." मॉरीन लालबुंद झाली होती, पण हसत होती, आणि प्रत्येकाला नमस्कार करत होती. तिच्या तोंडी 'अव्वा' अगदी आमच्यासारखं यायचं. बाकी मराठी काही यायचं नाही, एक 'न्हाय' सोडून. ते बाईंनीच शिकवलं होतं. "हे आधी यायला पायजे," म्हणायच्या.

आप्पांच्या पाया पडायला ती वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले. बाईंनी तिचा दंड धरून तिला उभं केलं. आप्पांकडं बघून म्हणाल्या, "बरं केलंसा. पाया पडण्याजोगं त्यात काय नव्हतंच." मी घाबरून भिंतीला चिकटले. सुकुमारनं मान खाली घातली. आप्पा उठून आत गेले. ते त्या मुलीशी मरेपर्यंत बोलले नाहीत.

हेही सांगायला हवं, की काही वर्षांनी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवा हात वर होईना, सदरा घालता येईना, घरच्यांची रोज झटापट. बाईंनी न विचारता त्यांचे सदरे नेले, एका बगलेपासून खाली उसवले आणि बाजूनं बंद लावून आणून दिले. अंगात न घालता नुसते गुंडाळून बांधता येतील असे. मी म्हटलं, "बाई, ह्यांनी तुमचं मशीन रस्त्यावर टाकलं होतं."

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मग काय उघडा बसू दे त्येला? माझं भांडण त्याच्या तोंडाशी हाय, अंगाशी न्हाय."

आप्पा ते सदरे घालायचे. बोलायचे नाहीत.

माझं लग्न झालं, मी वारणानगरला राहायला गेले. बाई निवृत्त झाल्या. भेटी कमी झाल्या. त्यांच्या हृदयाचं दुखणं निघाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी चढउतार बंद केली होती.

एकदा कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या टेकडीखाली अचानक त्या दिसल्या. मी पाहुण्यांना दर्शनाला घेऊन आले होते, आमची गाडी परतीला निघायच्या बेतात होती. बाई थोरल्या जावेबरोबर आल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, गालाची हाडं वर आली होती. जावेनं वर न्यायला डोली ठरवली होती, खुर्चीला दोन बांबू बांधलेली. दोघे डोलीवाले डोली टेकवून उभे.

"बस की गं, रत्ना," जाऊ विनवत होती. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टर वर येणार हाय का बघायला?"

मीही म्हटलं, "बाई, बसा ना. हट्ट कशाला?"

त्यांनी माझ्या गालाला हात लावला, इकडचं तिकडचं विचारलं, माझ्या मुलीचं नाव विचारलं. मग डोलीवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही चला बाबांनो मागनं. धाप लागली तर बसतो." आणि पायऱ्या चढायला लागल्या.

आमची गाडी सुटली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. टेकडीच्या उन्हात त्या एकट्या पुढं चालल्या होत्या आणि त्यांच्या मागं ती रिकामी खुर्ची खांद्यावर घेऊन दोघं डोलीवाले. त्या मध्येच थांबल्या, कठड्याला हात टेकून वाकल्या. डोलीवाल्यांनी लगबगीनं खुर्ची खाली ठेवली. बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. दम खाऊन त्या पुन्हा चढायला लागल्या, आणि त्या दोघांनी मुकाट्यानं खुर्ची पुन्हा खांद्यावर घेतली.